उघडी ज्योत

"आणि हे काय?" तपासणीला आलेल्या साहेबांनी बोट दाखवलं आणि एसटीचा आगारप्रमुख जितेंद्र पाटील पुढे धावला.

डिझेलच्या नव्या टाकीपासून चार पावलांवर म्हसोबाची घुमटी होती. घुमटीत पणती होती. ती विझलेली होती, पण वातीतून अजून धूर निघत होता.

"पाटील, घुमटी राहू द्या म्हटलं, लोकांची श्रद्धा आहे. पण टाकीजवळ उघडी ज्योत चालणार नाही, हेही म्हटलं होतं. बाकी तुमचं सगळं चोख आहे हो! अर्थिंग, वाळूच्या बादल्या, भिंत. आणि दर वेळी हा दिवा. मी सही कशी करू?"

"साहेब, अजून एक संधी..."

"ही तिसरी होती." साहेब जीपमध्ये बसले. जीप गेटबाहेर गेली आणि तिच्यामागे उडालेली धूळ खात जितेंद्र उभा राहिला.

परवाना नाही म्हणून पंप बंद. पंप बंद म्हणून गाड्या डिझेल भरायला जळगावला जायच्या. त्या परत येईपर्यंत दिवस कलायचा, म्हणून गिरणाकाठच्या खेड्यांच्या सायंकाळच्या फेऱ्या रद्द. वरून निरोपही आला होता की या वेळी मंजुरी मिळाली नाही तर त्या फेऱ्या कायमच्या बंद. कॉलेजच्या पोरी रोज चौकशी खिडकीशी यायच्या. त्यातल्या पुनमला तर बापाने साफ सांगितलं होतं, गाडी सुरू होत नसेल तर कॉलेज पुरे. ती आजही खिडकीशी उभी होती. जितेंद्र तिला चुकवून मागच्या दाराने केबिनमध्ये शिरला. त्याची त्यालाच लाज वाटली.

टेबलावर डबा होता. तपासणीच्या दिवशी तो उपाशीच घर सोडायचा, म्हणून त्याची आई भिकुबाई रिक्षा करून डबा आणून ठेवायची. डबा अजून कोमट होता. त्याने झाकणही उघडलं नाही.

डोकं नुसतं भणभणत होतं. या वेळी त्याने काय कमी केलं होतं? सकाळपासून गेटवर झुलाल वॉचमन बसवला होता. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, सगळ्यांच्या खिशातल्या काडीपेट्या काढून घेतल्या होत्या. घुमटीशेजारी लाल अक्षरांत भला मोठा फलक लावला होता. तरी दिवा लागला तो लागलाच. म्हसोबा काही स्वतः उठून काडी ओढत नाही.

त्याने सुपडूला बोलावलं. सुपडू पंपावरचा जुना माणूस. पंप बंद असल्यामुळे टाकीभोवती झाडलोट करायची आणि घुमटीवर फुलं वाहायची, एवढंच काम त्याला उरलं होतं.

"हात पुढे कर."

सुपडूने हात पुढे केले. उजव्या हाताच्या चिमटीला तेल लागलं होतं आणि काजळी.

"जीपचा आवाज आला तशी वात चिमटीत दाबलीस ना? निदान विझवायची तरी वेळेत!"

सुपडूने हात सदऱ्याला पुसले.

"अरे, पोरींची कॉलेजं बंद पडायची वेळ आलीय तुझ्या भक्तीपायी! काही वाटतं का?"

"साहेब, दिवा मी नही लाया. इतलंच सांगस."

"मग कोणी लावला?"

सुपडूने एकदा टेबलाकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे.

"सांग ना! कोणी लावला?"

"ते माले सांगता येवाव नही, साहेब."

इथे जितेंद्रचा तोल सुटला. त्याने सुपडूसमोरच विभागाला फोन लावला. दुपारपर्यंत बदलीचा आदेश आला. धुळ्याकडचं, कोपऱ्यातलं एक आगार. निवृत्ती तोंडावर आलेली आणि घरी बायको आजारी, हे जितेंद्रला ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्याने कागद पुढे सरकवला. सुपडूने सही केली. जाताना घुमटीपाशी थांबून हात जोडले आणि पिशवी खांद्याला लावून तो स्टँडकडे गेला. धुळ्याची गाडी लागलेलीच होती.

जितेंद्र घरी आला तेव्हा भिकुबाई ओट्यावर शेंगा सोलत बसली होती.

"व्हयनं का रे काम?"

"नही."

"कसामुये नही?"

"तुले काय कळस त्यामा?" तो नेहमीसारखा तुटकपणे बोलला आणि पाण्याचा तांब्या उचलला. ऑफिसचं काहीही घरी सांगायचं नाही, ही त्याची पहिल्यापासूनची रीत.

"असं कसं नही?" भिकुबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती खरंच गोंधळली होती. "मी तं दर येळे दिवा लायेल शे. आज बी तुना डबा ठेवा नि म्हसोबाले दिवा लाया, का मना जितूनं काम व्हवू दे."

तांब्या जितेंद्रच्या ओठांपाशी थांबला.

"तो पंपवरला सुपडू शे ना, तो दर येळे म्हणे, अक्का, आठे टाकीपाशी दिवा लावू नका, साहेबनं काम बिघडी जाई. देवना दिव्यामुये कधी काम बिघडस का? मी त्याले म्हसोबानी आन घाली, जितूले सांगू नको, नवस दुसराले सांगा तं फळत नही." तिने सुपातली टरफलं बाजूला सारली. "भला माणूस शे बिचारा, कोणले एक शब्द बोलना नही. उद्या त्याले आपला घर जेवाले बलाव."