म्वादिमेची शिक्षा

"हं म्झे, सांगा तुमचा पराक्रम," प्रशिक्षक चेंगो म्हणाला.

‘म्झे’ म्हणजे आजोबा; त्या हाकेसरशी म्हातारा म्वादिमे झाडू भिंतीला टेकवून पुढे आला. मोंबासाच्या या चहाच्या गोदामात फोर्कलिफ्ट शिकायला नवी तुकडी आली, की तिच्यापुढे उभं राहून आपलं पाप सांगायचं. अकरा वर्षं हीच त्याची शिक्षा. दर वेळी वाटायचं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"मी हमाल होतो," तो पुटपुटला. "फोर्कलिफ्ट चालवणारा म्वाकिओ जेवायला बसला होता. त्याची किल्ली मी न विचारता उचलली. माल उंच चढवला आणि तसाच भरधाव वळलो. गाडी उलटली. त्याच्याच अंगावर."

"अक्कल काय गहाण ठेवली होती?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

पुढच्या रांगेतली वाकेशो हसली नाही. म्वाकिओ तिचा बाप. तो गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आता या माणसाबरोबर एका छपराखाली काम करायचं, याचीच तिला शरम वाटत होती.

"लिहून घ्या," चेंगो म्हणाला. "चालवणारा स्वतःच्या चुकीने मेला, तर कंपनी घरच्यांना छदाम देत नाही. म्वाकिओची काही चूक नव्हती, म्हणून त्याच्या बायकोला पेन्शन मिळते. तेव्हा बायकापोरं आठवा आणि माल खाली घेऊनच वळा."

चहाच्या सुट्टीत सगळे तळलेला कसावा खायला बाहेर पळाले. वाकेशो मागे राहिली. तिने गाडीची किल्ली म्वादिमेच्या हातावर आपटली.

"बसा. कसे वळलात ते मलाही बघू दे."

"नको गं पोरी."

"तेव्हा बरे नको म्हणाला नाहीत!"

तो निमूट चढला. किल्ली त्याने आधी माल उचलायच्या दांड्याशी खुपसून पाहिली. मग स्टिअरिंगखाली चाचपलं, मग सीटखाली वाकला.

"नाटकं पुरे झाली! किल्ली कुठे लावतात तेही माहीत नाही का?"

म्वादिमेने मान खाली घातली. चोरी पकडली गेल्यासारखा तो बसून राहिला.

वाकेशोच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्झे," तिचा आवाज चिरकला, "त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?"

"हळू बोल," दाराकडे बघत तो म्हणाला. "तुझ्या आईची पेन्शन चालू आहे अजून."