घरबसल्या सभा

साथ आली आणि उद्योजिका मंडळाची मासिक सभा हॉलमधून फोनच्या पडद्यावर आली. घरी शिवणकाम करणाऱ्या तिला हॉलमधले महिन्यातले तेवढेच दोन तास स्वतःचे मिळत. "बरं झालं, तुझी पायपीट वाचली," नवरा म्हणाला आणि दर सभेला शेजारी खुर्ची टाकून बसू लागला. शिवणकामापलीकडे ती काही बोलेनाशी झाली.

साथ ओसरल्यावर अध्यक्षबाईंनी विचारलं, "सभा अशीच घरून चालू ठेवायची का? हवी असेल त्यांनी हात वर करा."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने हात वर केला. बाकीच्या एकवीसजणी नाही म्हणतीलच, अशी तिने मनाची समजूत घातली आणि फोनकडे पाहिलं.

सगळ्यांचे हात वर होते, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या चौकटीत कडेला कुणाचा तरी खांदा दिसत होता.