टो क्लिपमध्ये बसणारे बूट

"ज्याचे पाय ताब्यात, त्याचं आयुष्य ताब्यात," असं सावेडीतल्या चहाच्या टपरीसमोर जाहीर करत सहादेवरावांनी सायकल थांबवली आणि ते सायकलसकट आडवे झाले. डावा बूट टो क्लिपमधून निघालाच नव्हता.

सायकल चाळीस वर्षांपूर्वीची. पेडलला पुढे लोखंडी टो क्लिपा, त्यांना चामडी पट्टे. पाय पुढून आत सरकवायचा, उतरताना मागे ओढायचा. त्यासाठी बूट हवा निमुळता, पातळ, कडक तळाचा. हल्लीचे स्पोर्ट्स शूज म्हणजे पायाला बांधलेल्या पावाच्या लाद्या. सहादेवरावांनी नगरमधली अकरा दुकानं पालथी घातली. "काका, पेडलच बदला ना," असा सल्ला अकराही दुकानांत मिळाला. तरी दोन जोड घेतले. एक क्लिपमध्ये जाईना. दुसरा गेला, आणि त्यानेच त्यांना टपरीसमोर झोपवलं.

मग एका शनिवारी ते नव्याच बुटात घरी आले. काळं चामडं, समोरून निमुळते, तळ गुळगुळीत. क्लिपमध्ये लोण्यात सुरी शिरावी तसे शिरत आणि सांगितल्यावर बाहेर येत. चावत तर मुळीच नव्हते.

"कुठून आणलेत?" पुष्पावतीबाईंनी विचारलं.

"मिळाले."

"आणि जुने?"

"शनीच्या देवळाबाहेर सोडले."

"बरं केलंत. पीडा गेली. आता ज्योतीचं लग्न तरी जमेल."

दोन्ही उत्तरं खरी होती. सहादेवराव एकतीस वर्षं कोर्टात होते, शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. खोटं न बोलता खरं कसं चुकवायचं हे त्यांनी रोज जवळून ऐकलं होतं. देवळाबाहेर आपले बूट शोधताना शेजारचा जोड त्यांनी नुसता मापापुरता पायात घातला. पाच पावलं चालून पाहिली. सहावं पाऊल पेडलवर पडलं. आपले बूट तिथेच ठेवले होते, त्यामुळे ही चोरी नसून अदलाबदल ठरते, असा युक्तिवाद ते रोज सकाळी स्वतःपुढे मांडत आणि रोज पुढची तारीख घेत.

पंधरा दिवसांत राहुरीच्या स्थळाकडून फोन आला, पत्रिका जुळत नाही. पुढच्या आठवड्यात पारनेरचे म्हणाले, सध्या थांबू.

"या वयात हाफ पँट घालून गावभर हिंडता," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "लोक चौकशी करतात हो मुलीच्या बापाची."

ज्योतीला एकोणतीस वर्षं पूर्ण झाली होती. रविवारी बेलापूरचे पाहुणे येणार होते. तिला स्वतःला मनापासून आवडलेलं हे पहिलंच स्थळ. हे मोडलं तर पुन्हा माझ्यापुढे विषय काढायचा नाही, असं तिने शांतपणे सांगून ठेवलं होतं.

बुधवारी तो माणूस पहिल्यांदा दिसला. तिशीतला, मोटारसायकलवर. त्याची नजर सहादेवरावांच्या पायाकडे होती.

गुरुवारी तो भिस्तबाग चौकात होता. शुक्रवारी टपरीवर. समोरचा चहा गार होत होता आणि तो बूट पाहत होता. पहिल्यांदा दिसला तर योगायोग, दुसऱ्यांदा संशय, तिसऱ्यांदा पाळत, एवढं सहादेवरावांना कळत होतं.

गॅलरीतून पुष्पावतीबाईंनीही त्याला हेरलं. "बेलापूरवाल्यांनी चौकशीला माणूस पाठवलेला दिसतोय. जरा हसून बघा त्याच्याकडे."

सहादेवराव हसले. त्या माणसाने हात जोडले. सहादेवरावांना त्या रात्री झोप लागली नाही.

रविवारी पाहुण्यांसमोर, ज्योतीसमोर हा माणूस गेटात उभा राहून म्हणाला, माझे बूट द्या, तर? शनिवारी त्यांनी सायकल काढलीच नाही. साध्या चपला घालून भाजी आणली. बूट पुसून कापडी पिशवीत घातले.

रविवारी पाहुणे वेळेवर आले. बोलणी कधी नव्हे इतकी सुरळीत चालली होती. मुलाच्या आईने ज्योतीला आपल्या शेजारी बसवून घेतलं. तेवढ्यात खिडकीतून गेटजवळची मोटारसायकल दिसली.

सहादेवराव पिशवी घेऊन बाहेर गेले. "हे बघा, घरात पाहुणे आहेत. तमाशा नको. हे घ्या तुमचे बूट."

तो माणूस दोन पावलं मागे सरला. "न्हाई काका. मी हात बी लावायचा न्हाई."

"तुमचेच ना?"

"माजेच हुते. मी गोरक्ष, नेवाशाकडचा. तीनदा सुपारी फुटली, तिन्ही येळेला ह्येच पायात. तिन्ही सोयरिकी मोडल्या. मंग शनीम्हाराजापाशी सोडून आलो. तुमी नेले, तवा मी झाडाखाली उभा हुतो. लई बरं वाटलं बगा."

सहादेवरावांच्या हातातली पिशवी अचानक जड झाली.

"तुमी ते घातले अन् माजं लगीन जमलं. मंगळवारी लगनाची वीस तारीख धरली. बुधवारपासनं रोज बगून जातो, काकांच्या पायात हायती का." गोरक्षने आवाज खाली आणला. "अन् काल तुमी चपला घालून भाजीला गेला. सांजच्याला तिकडनं फोन. म्हनत्यात, जरा थांबू."

आत हॉलमध्ये ज्योती हसली. बऱ्याच दिवसांनी.

गोरक्षने पुन्हा हात जोडले.

"वीस तारखेपतुर घाला ना तेवढे, काका."