पडवीतले चार दिवस

"मावशी, शेवटची पाळी कधी आली होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. हौसाबाईच्या अंगातून सारख्या वाफा निघतात म्हणून तिचा नवरा केरबाच तिला दवाखान्यात घेऊन आला होता. तिच्याआधी तोच फुशारकीनं बोलला, "परवाच की! चार दिवस पडवीत बसली हुती."

हौसाबाईनं मान खाली घातली. "बंद हून दोन वर्सं झाली, बाई."

केरबाला खरं वाटेना. दर महिन्याला ती कांबळं घेऊन पडवीत बसायची, आणि घरच्या रीतीप्रमाणे तो तेवढे दिवस तिला शिवत नसे. पारावर मात्र मिशीला पीळ देऊन सांगायचा, "आमची मालकीण अजून तरणी हाय!"

डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "या वयात अंग कोरडं पडतं, मावशी. नवऱ्याजवळ जाताना दुखतं. त्यावर औषध आहे. आजवर सांगितलं का नाही?" हौसाबाईच्या डोळ्यांना पाणी लागलं.

केरबाची कानशिलं तापली. बाहेर आल्यावर तो पुटपुटला, "मला फसवलंस व्हय? नुसतं दुखतंय म्हणायचं हुतंस."

"म्हटलं हुतं की, बंद झाली त्याच दिवाळीत. तुम्ही म्हणाला, थेरं करू नगंस." पदरानं डोळे टिपत ती म्हणाली, "मग इटाळाचा आधार घेतला. माझं न्हाई ऐकलं, तरी इटाळाला तुम्ही भिता."

केरबाला तिच्या तोंडाकडे बघवेना. तिच्या हातातली औषधांची पिशवी घ्यायला त्यानं हात पुढं केला. हौसाबाई दचकून मागं सरकली.