पुण्याचं ट्रेनिंग

“ऑफिसचं ट्रेनिंग आहे पुण्याला, सुचितालाही नेतोय,” असं आईला सांगून तळवलीचा दिपेश बायकोसोबत बालीला गेला. खरं सांगितलं असतं, तर ‘मलाही एकदा विमानात बसव’ हे आईचं पालुपद पुन्हा सुरू झालं असतं.

शेवटच्या दिवशी बॅगा भरून दोघं किनाऱ्यावर निवांत बसले होते. तेवढ्यात आईचा फोन आला.

“संपलं गं ट्रेनिंग. उद्या पोचतो घरी,” तो म्हणाला.

“बाला, मागं समुंदर गाजतोय.”

दिपेशने फोन हाताने झाकून सुचिताकडे पाहिलं. सुचिताने मान खाली घातली.



“असू दे. तुला कोन नावं ठेवू नये, म्हनून गावात मी पन सगल्यांना पुनाच सांगितलंय.”