चिखलाचा दोष

जीप चिखलात रुतली तशी काठावरची जीप-क्लबची मंडळी हसली. "वहिनी, ॲक्सिलेटर आहे तो, शिलाई मशीनचं पायडल नव्हे!" वैजयंतीने खिडकीतून नवऱ्याकडे, श्रीनिवासकडे पाहिलं.

अरुंद टायर चिखल कापून खालची घट्ट जमीन धरतात, असं तिने सांगितलं होतं. त्याने रुंद बसवले, कारण फोटोत जीप रुबाबदार दिसते. आता ते चिखलावर गरगरत होते. हे कबूल करायला एक वाक्य पुरलं असतं. त्याने दुसरंच खर्च केलं: "हिला बजावलं होतं, एवढा पाय दाबू नकोस म्हणून."

जीप ओढून काढली आणि त्याची पाळी आली. त्याने पाय हलका ठेवला आणि तिथेच रुतला. या वेळी कोणी हसलं नाही. "चिखलच वाईट हो, भाऊ. तुम्ही तरी काय करणार?"

दोर घेऊन वैजयंती पुढे आली. आता ही टायरचं काढणार, म्हणून त्याने मान आत ओढली.

"हो, चिखलच वाईट," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली आणि वाकून हुकात दोर अडकवू लागली.

खरं सांगायला श्रीनिवासने तोंड उघडलं, तोवर मंडळी चहाकडे वळली होती.