भिंतीवरची बायको

विनोदी मालिकेच्या पायलटमध्ये, म्हणजे आधी नमुना म्हणून केलेल्या भागात, ही नटी हिरोची बायको झाली होती. पायलट दाखवला तेव्हा लोक तिच्याच वाक्यांवर खदखदून हसले आणि हिरोच्या पोटात दुखू लागलं. पायलट डब्यात गेला, तिची उचलबांगडी झाली. नव्या कथेत हिरो विधुर, आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर त्याची मेलेली पहिली बायको म्हणून हिचा पायलटमधलाच फोटो! तोही हिला न विचारता.

पुढे मालिकेला कुत्रंही विचारेना, तेव्हा निर्मात्याचा फोन आला.

"ताई, पहिली बायको मेलीच नव्हती, असं दाखवतोय. परत या ना! म्हणाल ती अट मान्य."

"येते की. माझा फोटो तेवढा उतरवा."

"आजच उतरवतो!"

"खिळा मात्र राहू द्या. त्यावर आता हिरोचा फोटो लागेल."